दुकानातला स्कॅनर: चिकटवण्यापासून रात्रीच्या रोजमेळापर्यंत

गल्ल्यातल्या नोटा मोजल्याशिवाय कुठलाही दुकानदार रात्री शटर ओढत नाही. स्कॅनरवर, म्हणजे काउंटरवरच्या क्यूआर स्टिकरवर, आलेले पैसे मात्र बहुतेक दुकानांत कुणीच मोजत नाही. रक्कम मोठ्याने सांगणारा डबा (साउंडबॉक्स) बोलला, पैसे आले, विषय संपला. महिनाअखेरीला बँकेतला आकडा अंदाजापेक्षा कमी निघतो, तोवर हजारभर व्यवहार होऊन गेलेले असतात आणि शोधायचे कुठून हेच कळत नाही. स्कॅनर हा दुसरा गल्ला आहे. त्याला कुलूप लागते, त्यातले पैसे रोज मोजावे लागतात आणि त्यातून चोरीही होते. किराणा, चहाची टपरी, वडापावची गाडी, खानावळ, पिठाची गिरणी, शिवणकाम, जिथे रोज वीस-पंचवीस ते दोनशे गिऱ्हाइके मोबाइलवरून पैसे देतात अशा सगळ्यांना पुढची पद्धत लागू पडते.

यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झाले. त्याच वर्षीच्या नोटाबंदीने आणि पुढे कोरोनाने ते गल्लीबोळात पोहोचवले. जानेवारी २०२० पासून गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआय रकमेवर दुकानदाराकडून शुल्क घेतले जात नाही. दहा रुपयांच्या कटिंगसाठीही लोक मोबाइल काढतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

खाते कोणते आणि कोणाच्या नावाचे

घरखर्चाच्या बचत खात्याचा क्यूआर दुकानात लावणे सोपे असते, म्हणून बहुतेक जण तेच करतात. पुढची अर्धी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. मुलाने पाठवलेले पैसे, भिशीची रक्कम, गॅसची सबसिडी आणि दुकानाची विक्री एकाच खात्यात मिसळली की विक्री किती झाली हे तुम्हाला सांगता येत नाही आणि उद्या कुणी विचारले तर सिद्धही करता येत नाही. म्हणून दुकानासाठी वेगळे खाते उघडा. चालू खाते परवडत नसेल, त्यातली किमान शिल्लक जड जात असेल, तर निदान दुसऱ्या बँकेत वेगळे खाते ठेवा आणि त्यातून फक्त धंद्याचीच देवाणघेवाण करा.

खाते धंदा चालवणाऱ्याच्याच नावाचे असावे. खानावळ बाई चालवते आणि पैसे नवऱ्याच्या खात्यात पडतात, असे फार ठिकाणी दिसते. कर्ज मागायला गेल्यावर बँक खातेउतारा पाहते, आणि त्या उताऱ्यावर त्या बाईच्या कष्टाचा एक रुपयाही दिसत नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी तिचे खाते आणि तिचा क्यूआर वेगळा काढावा.

क्यूआर दोन प्रकारचे मिळतात. एक तुमच्या वैयक्तिक अ‍ॅपमधला, दुसरा व्यापारी म्हणून नोंदणी करून मिळणारा. व्यापारी क्यूआरसाठी पॅन, बँक खात्याचा तपशील आणि दुकानाचा फोटो लागतो. गुमास्ता (दुकानाची नोंदणी) किंवा उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) असली तर काम लवकर होते. या क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्ड जोडलेले गिऱ्हाईकही पैसे देऊ शकते, घेतलेली रक्कम ज्या खात्यातून आली तिथेच परत पाठवायची सोय असते आणि विक्रीचा अहवाल उतरवून घेता येतो. यातली परतीची सोय किती कामाची आहे ते पुढे येईलच. क्रेडिट कार्डावरून आलेल्या यूपीआय रकमेवर लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही, त्याहून मोठ्या रकमेवर लागते. वॉलेटमधून आलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेलाही व्यापाऱ्याच्या बाजूने शुल्क पडू शकते. मोबाइल दुरुस्ती, कपडे, भांडी अशा दुकानांत मोठी बिले होतात. त्यांनी नोंदणी करतानाच हे दर लेखी मागून घ्यावेत.

तीन कंपन्यांचे तीन स्टिकर लावायची गरज नाही. कुठल्याही अ‍ॅपमधून कुठलाही यूपीआय क्यूआर वाचता येतो. स्टिकर वाढले की पैसे तीन ठिकाणी पडतात आणि रात्री तीन हिशोब लागतात. एकच ठेवा.

स्टिकर कुठे, केवढा

अंतराच्या दहाव्या हिश्श्याएवढा चौकोन, हा साधा नियम. गिऱ्हाईक हातभर, म्हणजे साधारण अर्ध्या मीटरवर उभे राहत असेल तर पाच सेंटिमीटरचा चौकोन चालतो. नाल्यापलीकडून किंवा काउंटरच्या बाहेरून, मीटरभर अंतरावरून स्कॅन होत असेल तर तो किमान दहा सेंटिमीटर हवा. चौकोनाभोवतीची पांढरी कड कापू नका. नेटका दिसावा म्हणून कड छाटून फ्रेममध्ये बसवलेला क्यूआर कॅमेऱ्याला सापडत नाही, आणि दोष मात्र गिऱ्हाइकाच्या फोनला दिला जातो.

चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची रेघ उमटते आणि नेमकी चौकोनावरच पडते. बिनचकाकीचे लॅमिनेशन घ्या, किंवा पाटी थोडी पुढे कलती ठेवा. तेलकट हाताच्या धंद्यात पाटी आडवी ठेवू नका, उभी टांगा.

क्यूआर १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने वाहनांच्या सुट्या भागांसाठी तयार केला. कारखान्यातला मळ आणि तेल सोसेल अशा बेताने त्यात माहिती जास्तीची भरून ठेवलेली असते. छपाईच्या पातळीनुसार ७ पासून ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पण तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींना हे संरक्षण नाही. त्यांतली एक जरी घासली गेली की स्टिकर बदला, मग बाकीचा कितीही नवा दिसो.

स्टिकरखाली बँकेत नोंदलेले तुमचे नाव मोठ्या अक्षरांत छापा. पाटीवर दुकानाचे नाव असते, पण पैसे देताना गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमध्ये बहुधा खातेदाराचे बँकेतले नाव दिसते. लहान दुकानदारांच्या व्यवहारांसाठी २०२५ च्या जूनअखेरपासून तसा नियमच आहे. "हे नाव तुमचंच का?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकायचा नसेल तर नाव लिहून ठेवा. याचा दुसरा फायदा मोठा आहे. उद्या कुणी तुमच्या क्यूआरवर स्वतःचा चिकटवला, तर नाव जुळत नाही हे गिऱ्हाईकच सांगेल.

बोलणारा डबा

साउंडबॉक्सला स्वतःचे सिम असते, तुमच्या फोनशी त्याचा संबंध नसतो. म्हणून जिथे तुमच्या फोनला चांगली रेंज आहे तिथे डब्यालाही असेलच असे नाही. पत्र्याच्या टपरीत, तळघरातल्या गाळ्यात, फ्रीजच्या मागे डबा ठेवला की तो उशिरा बोलतो. डबा घेतला त्या दिवशी दुकानातल्या तीन-चार जागी ठेवून प्रत्येक ठिकाणी एक-एक रुपया पाठवून पाहा आणि सर्वांत लवकर बोलेल तिथेच त्याची जागा करा. आवाजाची भाषा मराठी करता येते; मदतनीस मुलालाही आकडा नीट कळतो.

डबा घेताना तीन प्रश्न विचारा. महिन्याचे भाडे किती? व्यवहार झालेच नाहीत त्या महिन्यातही ते कापले जाते का? परत करायचा असेल तर कसा? भाडे बहुधा रोजच्या जमा रकमेतून किंवा खात्यावर दिलेल्या स्वयंचलित परवानगीतून कापले जाते. डबा परत केला तरी ती परवानगी आपोआप जातेच असे नाही. अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती बंद करा आणि पुढचे दोन महिने उतारा पाहा.

डब्याची एक उणीव कायम लक्षात असू द्या: तो रक्कम सांगतो, माणूस सांगत नाही. गर्दीच्या वेळी दोघांनी चाळीस-चाळीस रुपयांचे काही घेतले, डबा एकदाच "चाळीस रुपये" म्हणाला आणि दोघेही निघून गेले, हा वडापावच्या गाडीवरचा रोजचा प्रकार आहे. दोघांतला एक लबाड असेलच असे नाही. अनेकदा त्याचा व्यवहार खरेच अडकलेला असतो आणि डब्याचा आवाज आपलाच आहे असे त्याला वाटते. उपाय साधा आहे. गर्दीच्या तासाला फोन गल्ल्याजवळ व्यापारी अ‍ॅप उघडून उभा ठेवा. डबा बोलल्यावर नजर यादीवर टाका, नाव वाचा, "पाटील, चाळीस आले" असे मोठ्याने म्हणा. ज्याचे आले नाहीत तो तिथेच थांबतो. शेजारच्या गाडीवरही तोच डबा असेल तर आवाजाची भाषा वेगळी ठेवा.

पैसे अडकले तर काउंटरवर काय करायचे

गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. तुमच्या अ‍ॅपमध्ये, तुमच्या बँकेच्या संदेशात किंवा डब्यावर आले तरच आले. हा नियम ओळखीच्या माणसालाही लावा, म्हणजे अनोळखी माणसाला लावताना अवघड वाटत नाही.

व्यवहार अडकण्याची कारणे मोजकीच आहेत. गिऱ्हाइकाच्या बँकेचा सर्व्हर बंद असतो, नेट मधेच जाते, त्याची दिवसाची मर्यादा संपलेली असते, पिन चुकतो. नवीन फोनवर अ‍ॅप नुकतेच सुरू केले असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. सहा हजारांची साडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते. त्याला दुसऱ्या माणसाच्या फोनवरून देता येईल का विचारा.

"पेंडिंग" दिसत असेल तर लगेच पुन्हा पैसे पाठवायला सांगू नका. दोन मिनिटे थांबा. गिऱ्हाइकाला अ‍ॅपच्या इतिहासात जाऊन त्या व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक उघडायला सांगा आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये तो शोधा. सापडला नाही, तर वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, वेळ, रक्कम, गिऱ्हाइकाचे नाव आणि यूटीआर लिहून घ्या. नेहमीचे गिऱ्हाईक असेल तर माल द्या आणि उद्या पाहू म्हणा. अनोळखी असेल तर रोख घ्या आणि "मागाहून दुसरे पैसे आले तर परत पाठवतो" असे सांगून त्याचा नंबर लिहून घ्या. हे वाक्य तोंडात ठेवले की भांडणे टळतात, कारण गिऱ्हाइकाला आपण दोनदा भरतोय ही खरीच भीती असते.

रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा नियम दोघांच्याही माहितीचा हवा. दुकानदाराला पैसे देताना गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम कापली गेली पण दुकानात पोच झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत गेली पाहिजे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यायची असते. व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवताना ही मुदत एकच दिवस आहे. चिडलेल्या गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगितले की त्याचा राग तुमच्यावरून उतरतो.

रात्रीचा रोजमेळ

यातला कंटाळा खरा आहे, पण रोज केले तर दहा मिनिटांचे काम आहे आणि आठवड्याने केले तर दोन तासांचे. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: रोख, स्कॅनर, उधारी.

१. सकाळी गल्ल्यात सुट्ट्या पैशांसह किती ठेवले ते वर लिहा.

२. रात्री रोख मोजा. सकाळची रक्कम वजा करा, दिवसभरात गल्ल्यातून दिलेले दूध, पाव, हमालीचे पैसे मिळवा. ही रोख विक्री.

३. व्यापारी अ‍ॅपमध्ये आजची एकूण जमा पाहा. परत पाठवलेल्या रकमा वजा करा. जुन्या उधारीचे आज आलेले पैसे वेगळे काढा, ती आजची विक्री नव्हे.

४. ही रक्कम वहीतल्या किंवा बिलबुकातल्या स्कॅनर विक्रीशी ताडून पाहा.

५. कालची जमा आज बँकेत किती आली ते उताऱ्यात पाहा.

चौथ्या पायरीवर फरक निघाला की तो आधी नऊने भागून बघा. जुन्या मुनिमांची ही युक्ती स्कॅनरलाही तशीच लागू पडते. वहीत ८,६४० आणि अ‍ॅपमध्ये ८,१९० असेल तर फरक ४५०. नऊने भाग जातो, उत्तर येते ५०. म्हणजे बहुधा कुणीतरी ५०० ऐवजी ५० टाकले आणि डबा "पन्नास रुपये" म्हणाला तेव्हा कुणाचे लक्ष नव्हते. अ‍ॅपच्या यादीत ५० च्या नोंदी शोधा, वेळेवरून गिऱ्हाईक आठवते. फरक ९, १८, २७ असा असेल तर ५४ चे ४५ असे अंक उलटे लिहिले गेले असण्याची शक्यता जास्त. नऊने भाग जात नसेल तर नेमक्या तेवढ्या रकमेचे बिल वहीत शोधा. ते पेंडिंग राहिलेले निघण्याचा संभव असतो. शेवटच्या पानावरची यादी इथे कामी येते.

पाचव्या पायरीवर गोंधळ होतो तो वेगळ्या कारणाने. वैयक्तिक क्यूआरवर प्रत्येक रक्कम तत्क्षणी वेगवेगळी खात्यात पडते. व्यापारी क्यूआरवर अनेक कंपन्या दिवसाची सगळी रक्कम एकत्र करून दुसऱ्या दिवशी एकाच नोंदीने जमा करतात. त्या नोंदीचा यूटीआर गिऱ्हाइकाच्या यूटीआरशी जुळत नाही आणि जुळायला नकोच. अ‍ॅपमध्ये ८,१९० आणि बँकेत ८,०६५ आले तर १२५ रुपये गेले कुठे ते सेटलमेंटच्या तपशिलात दिसते: डब्याचे भाडे, क्रेडिट कार्डावरचे शुल्क, किंवा अ‍ॅपमधून घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता. हा तिसरा प्रकार नीट पाहा. एका बटणावर मिळणारे व्यापारी कर्ज घेतलेले आठवते, पण रोज किती कापले जाते ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि "हल्ली धंदा कमी झालाय" असा भास होतो.

महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्याचा अहवाल अ‍ॅपमधून आणि उतारा बँकेतून उतरवून स्वतःलाच मेल करून ठेवा. फोन हरवला तरी हिशोब राहतो.

चोर या गल्ल्यात कसा हात घालतो

सर्वांत सोपी चोरी स्टिकरची. रात्री शटरबाहेर राहिलेल्या क्यूआरवर दुसरा क्यूआर चिकटवून जायचे. सकाळी भवानी व्हायच्या आधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून एक रुपया पाठवा. नाव तुमचे दिसले, डबा बोलला, तर क्यूआर, डबा, सिम आणि खाते चारही ठीक आहेत हे एका रुपयात कळते. शक्य असेल तर पाटी रात्री आत घ्या.

खोट्या अ‍ॅपची चोरी स्क्रीनवर विसंबणाऱ्यांची होते. हुबेहूब पेमेंट अ‍ॅपसारखे दिसणारे, हिरवी खूण आणि आवाजासह खोटी पावती दाखवणारे अ‍ॅप फोनमध्ये घेऊन फिरणारे लोक आहेत. संध्याकाळची गर्दी, मालक जेवायला गेलेला, काउंटरवर नवखा मुलगा, अशी वेळ ते निवडतात. मुलाला पहिल्याच दिवशी एकच वाक्य शिकवा: "डबा बोलला नाही, काका. मालकांना विचारतो." त्या वाक्यामुळे गिऱ्हाईक रागावले तर मुलाला बोलू नका. एकदा बोललात की पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

खानावळी, केटरिंग आणि किराणावाल्यांना फोन येतो: लष्करी कॅम्पमधून बोलतोय, उद्या पन्नास थाळ्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावे लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची यूपीआय विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे ठगांचा भर आता अशा क्यूआरवर, लिंकवर आणि स्क्रीन दाखवायला लावणाऱ्या अ‍ॅपवर आहे. मोठी ऑर्डर असेल तर तुमचा क्यूआर तुम्ही पाठवा आणि पैसे आल्यावर भाजी आणा.

डबा "अपडेट" करायला आलेला माणूस ओळखपत्र दाखवतो, टी-शर्टही कंपनीचा असतो. त्याच्या हातात फोन देऊ नका. जे करायचे ते तो सांगेल, बटण तुम्ही दाबा, पिन किंवा ओटीपी मागितला तर काम तिथेच थांबवा आणि अ‍ॅपमध्ये दिलेल्या मदत क्रमांकावर विचारा. तो क्रमांक गूगलवर शोधू नका, तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात.

पैसे गेलेच तर पहिल्या तासातच १९३० वर फोन करा, मग बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. क्रम हाच ठेवा. रक्कम चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आली तरच ती हाती लागण्याची आशा असते.

जास्तीचे पैसे आणि गोठलेले खाते

ही अडचण सध्या प्रामाणिक दुकानदारांना सर्वांत जास्त रडवते, म्हणून सविस्तर.

कुणीतरी तुमच्या क्यूआरवर ८० ऐवजी ८,००० पाठवते आणि म्हणते, चुकून गेले, या दुसऱ्या नंबरवर परत टाका. किंवा म्हणते, मी पाच हजार स्कॅन करतो, मला रोख द्या, एटीएम बंद आहे. ते पैसे कुणाच्या तरी खात्यातून फसवून काढलेले असू शकतात. ज्याचे गेले त्याने तक्रार केली की पोलिसांकडून पैशांचा माग काढला जातो, तो तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि बँक तेवढी रक्कम, कधी अख्खे खातेच, अडवून ठेवते. तुम्ही रोख देऊन बसलेले असता.

म्हणून दुसऱ्या नंबरवर कधीच परत पाठवू नका. व्यापारी अ‍ॅपमधून त्याच व्यवहारावर परतीचे बटण दाबा, रक्कम जिथून आली तिथेच जाईल आणि तशी नोंद राहील. वैयक्तिक क्यूआर असेल तर समोरच्याला त्याच्या बँकेकडे तक्रार करायला सांगा, बँकेने विचारले की तुम्ही होकार द्या. अनोळखी माणसाला स्कॅनरवर घेऊन रोख देणे बंद करा. ओळखीच्या आजोबांना पेन्शनचे पाचशे काढून देणे वेगळे.

खाते अडवले गेलेच तर शाखेत जाऊन आवाज चढवण्याने काही होत नाही. अडवणूक पोलिसांच्या सूचनेवरून झालेली असते. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्यातले कुठले पोलीस ठाणे, आणि कुठला व्यवहार व किती रक्कम. मग त्या व्यवहाराचे बिल, वहीचे पान, गुमास्ता किंवा उद्यम, आधार-पॅनच्या प्रती आणि सहा महिन्यांचा उतारा जोडून त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला मेल करा, प्रत बँकेला द्या. संशय तीनशे रुपयांच्या व्यवहाराचा असेल तर फक्त तेवढीच रक्कम अडवून बाकीचे खाते मोकळे करावे, अशी स्पष्ट मागणी अर्जात लिहा. रोजमेळ लिहिणारा दुकानदार इथे तासाभरात कागद काढतो. न लिहिणाऱ्याला त्या मंगळवारी साडेसातला कोण आले होते ते आठवत नाही. आणि धंद्याचे सगळे पैसे एकाच बँकेत ठेवू नका. दुसरे खाते असेल तर निदान उद्याचा माल भरता येतो.

बँकेने किंवा पेमेंट कंपनीने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते.

कर आणि कर्ज

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआय जमेवरून हजारो लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. बंगळुरूत अनेकांनी स्कॅनर काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या. तो उपाय चुकीचा होता, कारण कर विक्रीवर लागतो, पैसे कुठल्या मार्गाने आले त्यावर नाही. मालाच्या विक्रीत वर्षाची उलाढाल ४० लाख आणि सेवांमध्ये २० लाख रुपयांपुढे गेली की महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणी लागते. खानावळ सेवेत मोडते, तिला २० लाखांची मर्यादा आहे. या हिशोबात भाजी, दूध अशा करमुक्त मालाची विक्रीही धरली जाते, पण फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीची गरज नसते. भिशीचे पैसे आणि मुलाने पाठवलेले पैसे विक्रीत मोजले जाऊ नयेत, यासाठीच खाते वेगळे हवे.

आयकरात स्कॅनर फायद्याचाच आहे. लहान व्यापाऱ्यांच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के. दहा लाखांची विक्री स्कॅनरवर झाली असेल तर ८०,००० ऐवजी ६०,००० उत्पन्न धरले जाते.

फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेत २०२५ च्या फेरबदलानंतर पहिले कर्ज १५,००० रुपयांचे, ते फेडल्यावर २५,००० आणि मग ५०,००० असे आहे. स्कॅनरवर होणाऱ्या व्यवहारांवर त्यात कॅशबॅकही मिळतो. अर्ज नगरपालिकेमार्फत जातो. विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र आधी मिळवून ठेवा, बहुतेकांचे घोडे तिथेच अडते.

फोन हरवला तर

क्यूआर खात्याला जोडलेला असतो, फोनला नाही, त्यामुळे फोन चोरीला गेला तरी गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात पडत राहतात. दुकान बंद ठेवायची गरज नसते. आधी दुसऱ्या फोनवरून सिम बंद करून घ्या, मग बँकेला यूपीआय थांबवायला सांगा, पोलिसांत तक्रार द्या आणि संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक टाकून तो ब्लॉक करा. हा क्रमांक आजच फोनवर *#०६# दाबून काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो शोधायला फोनच लागतो. दुकानाच्या नंबरचे रिचार्ज संपू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या माणसाला दिला जातो.

आणि गल्ल्यात सुट्टे ठेवा. वीज गेली, टॉवर बंद पडला, बँकेचा सर्व्हर झोपला, की त्या दोन तासांत तेच चालते. बटणांचा फोन वापरणारी मावशी, रोजंदारीवरचा माणूस, शाळेतून वही घ्यायला आलेले पोर, यांच्याकडे नाणी-नोटाच असतात. दहाची पंचवीस नाणी, वीसच्या दहा नोटा, पन्नासच्या सहा, एवढी साडेसातशेची मोड सकाळी बाजूला काढली तर लहान दुकानाला दिवसभर पुरते.